तक्रारींचं टेबल: सोसायटी ऑफ होमिओपॅथ्सची मान्यता कशी गेली

जानेवारी २०२१ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या व्यवसायांच्या रजिस्टरांना मान्यता देणाऱ्या ब्रिटनच्या प्रोफेशनल स्टँडर्ड्स अथॉरिटीने सोसायटी ऑफ होमिओपॅथ्स या संघटनेच्या रजिस्टरची मान्यता स्थगित केली. त्याच वर्षी सोसायटी त्या योजनेतून स्वतःहून बाहेर पडली. वरवर पाहिलं तर होमिओपॅथी खरी की खोटी या जुन्या भांडणातलाच हा आणखी एक डाव वाटतो. निर्णयाची कारणं पाहिली की चित्र बदलतं. गोळ्यांत औषध उरतं का, हा प्रश्न अथॉरिटीने विचारलाच नव्हता. तिने विचारलं ते ऑफिसबद्दल. तक्रार आली की ती उघडतं कोण, त्यावर ठरवतं कोण, आणि ठरवणाऱ्याबद्दलच तक्रार आली तर ती कुठे जाते?

व्यावसायिक संघटना म्हटलं की आपल्याला अध्यक्ष, अधिवेशन, स्मरणिका आणि सत्काराच्या शाली आठवतात. कारभार मात्र मागच्या खोलीतली मोजकी माणसं चालवतात. सभासदत्वाचे अर्ज तपासणारी, विम्याची कागदपत्रं मागून मागून थकलेली, शिक्षणाचे तास मोजणारी, तक्रारींची फाइल सांभाळणारी. त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात. या प्रकरणात सगळं फिरलं ते याच टेबलांभोवती, म्हणून ते नीट मांडून पाहण्यासारखं आहे.

रजिस्टर, पण कायद्याचं नाही

आपल्याकडच्या वाचकाला आधी एक फरक समजून घ्यावा लागेल. भारतात बीएचएमएस झालेला डॉक्टर राज्याच्या परिषदेत नोंदणी केल्याशिवाय प्रॅक्टिस करू शकत नाही. त्याच्यामागे आधी १९७३ चा केंद्रीय कायदा होता, आता २०२० चा राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाचा कायदा आहे. परिषदेने नाव काढलं की दवाखाना बंद. डॉक्टरांच्या संघटना त्याहून वेगळ्या. त्या मोर्चा काढतील, निवेदन देतील, सेमिनार भरवतील, पण कुणाची नोंदणी रद्द करायचा अधिकार त्यांना नाही.

ब्रिटनमध्ये होमिओपॅथ या नावाला कायद्याचं संरक्षणच नाही. मी उद्यापासून होमिओपॅथ, असं कुणीही म्हणू शकतं. जे आधी एमबीबीएसच्या तोडीचे डॉक्टर आहेत आणि वर होमिओपॅथी करतात, त्यांच्यासाठी फॅकल्टी ऑफ होमिओपॅथी आहे. तिला १९५० च्या कायद्याचा आधार आहे आणि ते डॉक्टर, डॉक्टरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिललाही बांधलेले असतात. उरले ते डॉक्टर नसलेले, स्वतंत्र कोर्स करून आलेले होमिओपॅथ. त्यांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे १९७८ साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ होमिओपॅथ्स. तिचे सभासद हजाराच्या आसपास. नावापुढे ‘आरएसहोम’ लावायचं तर तिच्या रजिस्टरमध्ये असावं लागतं. कारवाई म्हणून सोसायटीने एखाद्याला काढून टाकलं, तरी ती अक्षरं गळतात आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी पेशंट तपासत राहतो.

अशा कायद्याबाहेरच्या व्यवसायांसाठी ब्रिटनने मधला मार्ग काढला. २०१२ च्या आरोग्य कायद्याने प्रोफेशनल स्टँडर्ड्स अथॉरिटीला स्वयंस्फूर्त रजिस्टरांना मान्यता देण्याचा अधिकार मिळाला. संघटनेने अर्ज करायचा, शुल्क भरायचं, आपली घटना, आचारसंहिता, तक्रारींची पद्धत दाखवायची. कसोटीला उतरली की तिच्या सभासदांना मान्यतेचं चिन्ह वापरता येतं. अथॉरिटी उपचारांच्या गुणाची हमी देत नाही, हे ती पहिल्यापासून सांगत आली आहे. सोसायटीला ही मान्यता २०१४ मध्ये मिळाली.

तेव्हाचा काळ पाहता या चिन्हाची किंमत मोठी होती. २०१० मध्ये ब्रिटिश संसदेच्या विज्ञान समितीने होमिओपॅथीचा परिणाम प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा, जास्त नाही, असा अहवाल दिला होता. २०१७ मध्ये एनएचएस इंग्लंडने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, जनरल प्रॅक्टिशनरांनी होमिओपॅथिक औषधं लिहून देऊ नयेत, अशी सूचना काढली आणि पुढच्याच वर्षी हायकोर्टाने त्याविरुद्धचं आव्हान फेटाळलं. सरकारी दारं एकेक करून बंद होत होती. अशा वेळी सरकारी वर्तुळातलं एक चिन्ह लेटरहेडवर असणं म्हणजे बुडत्याला आधार. (टीकाकारांचा आक्षेप नेमका यावरच होता. सामान्य माणूस चिन्ह पाहतो, त्याखालचा बारीक खुलासा वाचत नाही, असं ते म्हणत. त्यात तथ्य आहे.)

‘सीज’ नावाची पद्धत

ठिणगी पडली ती सीज थेरपीवरून. टिनस स्मिट्स या डच डॉक्टर-होमिओपॅथने ती काढली. ते २०१० मध्ये वारले, पण पद्धत शिकवली जात राहिली. पूर्ण नावाचा अर्थच ‘ऑटिझमच्या लक्षणांचं संपूर्ण उच्चाटन’ असा. स्मिट्स यांच्या मते ऑटिझमला मुख्यत्वे लसी आणि काही औषधं जबाबदार असतात. म्हणून ज्या लसीवर संशय, तिचंच होमिओपॅथिक पोटेंसीकरण करून, म्हणजे ती पुन्हा पुन्हा पातळ करून, मुलाला द्यायचं, पातळ करण्याची एकेक पायरी चढत: ३०, २००, १एम, १०एम. जोडीला व्हिटॅमिन सी, झिंक यांसारख्या गोष्टी, आणि व्हिटॅमिन सी मोठ्या मात्रेत.

पातळ केलेल्या गोळीने थेट इजा व्हायची शक्यता कमी, हे टीकाकारही मानतात. व्हिटॅमिन सीबद्दल तसं म्हणता येत नाही. दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पोटदुखी आणि जुलाब होऊ शकतात, असं एनएचएसच सांगते, आणि तेही मोठ्या माणसांसाठी. लहान मुलाला जुलाब लागले आणि ते शरीरातून विष बाहेर पडतंय असं आईबापांना वाटलं, तर डॉक्टरकडे जायला उशीर होतो. त्याहून मोठा धोका म्हणजे धाकट्या भावंडाची लस टळते. लस आणि ऑटिझम जोडणारा १९९८ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला होता, त्यांचं नावही मेडिकल रजिस्टरमधून काढलं गेलं होतं. सीजचा पाया त्याच विचाराच्या शेजारी होता.

मार्च २०१८ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या वेगळ्या संस्थेने, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स अथॉरिटीने, ब्रिटनभर सीज देणाऱ्या दीडशेहून जास्त होमिओपॅथना पत्रं पाठवली. जाहिरातीत ऑटिझम बरा होतो असं म्हणू नका, सुचवूही नका. सोसायटीनेही पत्रक काढून आपल्या सभासदांना तेच बजावलं. कागदोपत्री सगळं जागेवर आलं.

पान बदललं, फाइल बंद

तक्रारींच्या टेबलावर काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. तक्रार साधारणपणे वेबसाइटच्या स्क्रीनशॉटसह येते. टेबलावरची व्यक्ती आचारसंहितेचं कलम उघडते, जाहिरातीचा मजकूर शेजारी ठेवते. ‘ऑटिझम बरा करतो’ हे वाक्य सरळ कलमाला भिडतं. सभासदाला पत्र जातं. आठवड्याभरात पानावर ‘ऑटिझम असलेल्या मुलांना आधार देतो’ असं झळकतं. स्क्रीनशॉट पुन्हा काढला जातो, फाइलला लावला जातो, शेरा पडतो: पूर्तता झाली. बंद खोलीत त्या मुलाला काल जे दिलं जात होतं तेच आज दिलं जातं.

याला अप्रामाणिकपणा म्हणणं सोपं आहे, पण मला त्यात टेबलाची मर्यादा जास्त दिसते. शब्द तपासायची सोय होती, कृती तपासायची नव्हती. सभासद स्वतंत्र व्यवसाय करणारे, कित्येक जण घरातल्याच खोलीत पेशंट बघणारे. तिथे जाऊन पाहणारं कुणी नाही. मुलांसोबत काम करणाऱ्या नोकरदारांची गुन्हेविषयक सविस्तर तपासणी मालक करून घेतो. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला ती तपासणी त्या काळात स्वतःसाठी मागताच येत नसे. म्हणजे सोसायटीच्या रजिस्टरवरचा माणूस लहान मुलं तपासणार, आणि त्याच्याबद्दल सोसायटीला कळणार ते फक्त त्याने स्वतः फॉर्मवर लिहिलेलं आणि कुणीतरी बाहेरून पाठवलेलं.

बाहेरून पाठवणारे या प्रकरणात होते गुड थिंकिंग सोसायटीचे लोक. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी उभी केलेली ही संस्था. सिंग यांचा या क्षेत्राशी जुना हिशोब: मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्यांच्या ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला होता आणि २०१० मध्ये तो मागे घ्यावा लागला होता. २०१९ मध्ये प्रोफेशनल स्टँडर्ड्स अथॉरिटीने सोसायटीची मान्यता पुन्हा चालू ठेवली, तेव्हा गुड थिंकिंगने सोसायटीला हात न लावता थेट अथॉरिटीविरुद्ध न्यायालयीन आव्हानाचा मार्ग धरला. चाल हुशारीची होती. सोसायटीला कोर्टात खेचून फार तर एक पत्रक बदललं असतं. मान्यता देणाऱ्यालाच जाब विचारला की त्याला आपली फाइल पुन्हा उघडणं भाग पडतं.

२०२० च्या सुरुवातीला अथॉरिटीने मान्यता ठेवली, पण अटी घातल्या. सभासदांनी सीजसारख्या, रजिस्टरशी विसंगत पद्धती वापरायच्या नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही, आणि हे सोसायटीने स्पष्ट शब्दांत सांगायचं. आता फक्त शब्द बदलून भागणार नव्हतं.

खुर्चीवर कोण बसलंय

इथपर्यंत प्रकरण सभासदांचं होतं. पुढे ते ऑफिसचं झालं. सोसायटीच्या महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांनी समाजमाध्यमांवर लसीकरणाविरुद्धचा मजकूर पुढे पाठवल्याच्या तक्रारी झाल्या, बातम्या छापून आल्या. ही पदं साधी नव्हती. सभासदांनी काय करावं, काय करू नये हे ठरवण्याशी आणि मुलांच्या सुरक्षिततेशी त्यांचा थेट संबंध होता.

आता टेबलाच्या बाजूने पाहा. तक्रार आली आहे. आचारसंहितेचं कलम तेच, स्क्रीनशॉट तसाच. फक्त ज्याच्याबद्दल आहे तो शेजारच्या केबिनमध्ये बसतो, कदाचित सुट्टी मंजूर करतो, आणि एरवी अशाच तक्रारींवर ज्याचा सल्ला घेतला जातो तोही तोच. लहान ऑफिसात दुसरं टेबल असतंच कुठे? अशा वेळी वाईट हेतू नसतानाही काय होतं, हे कुठल्याही संस्थेत काम केलेल्याला सांगावं लागत नाही. ‘जुनी पोस्ट आहे’, ‘ते वैयक्तिक मत आहे’, ‘सांगितलंय, काढून टाकतील’. फाइलवर शेरा पडतो. आपला माणूस आहे हे कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येकाला ते माहीत असतं.

अथॉरिटीने वर्ष संपायची वाट न पाहता मध्येच फेरतपासणी सुरू केली. नेमणुका कशा केल्या, नेमण्याआधी काय पाहिलं, आणि नेमलेल्यांबद्दलच्या तक्रारी कशा हाताळल्या, हे तिने तपासलं. जानेवारी २०२१ च्या निर्णयाचा गाभा असा होता की घातलेल्या अटी असूनही सोसायटी अनेक मानकांना उतरत नाही, आणि तक्रारी व कारभार या दोन्ही बाबतींत तिने व्यवसायाच्या हितापेक्षा लोकांच्या सुरक्षिततेला वरचं स्थान दिलेलं नाही.

माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वळण सीजबंदीच्या अटीत नाही, नेमणुकीत आहे. संघटना जी पत्रकं काढते ती तिची इच्छा सांगतात. मानकं आणि सुरक्षितता सांभाळायला ती कुणाला बसवते, यावरून तिचं धोरण कळतं. लसीबद्दल एखाद्याचं खासगी मत काय असावं हा त्याचा प्रश्न. पण सभासदांनी लसीविरुद्ध सल्ला देऊ नये हे पाहण्याचा पगार घेणाऱ्याच्या समाजमाध्यमावरच्या भिंतीवर तोच सल्ला लटकत असेल, तर सभासद पत्रक वाचणार की भिंत?

सोसायटीच्या बाजूने

एवढं लिहून थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. सोसायटी सभासदांच्या वर्गणीवर चालते. त्याच वर्गणीतून अथॉरिटीचं शुल्क, कर्मचाऱ्यांचे पगार, तक्रारींच्या सुनावण्या. होमिओपॅथीची बाजू लोकांपुढे मांडणं हेही तिचं काम, आणि त्याच सभासदांवर बडगा उगारणं हेही. डॉक्टरांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये ही दोन कामं वेगळ्या संस्थांकडे आहेत: बाजू घेणारी ब्रिटिश मेडिकल असोसिएशन आणि शिक्षा करणारी जनरल मेडिकल कौन्सिल. हजार सभासदांच्या व्यवसायाला दोन ऑफिसं परवडत नाहीत. म्हणून दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं राहावं लागतं, आणि पाणी वाढलं की तोल जातो.

सभासदांची तक्रारही उडवून लावण्यासारखी नाही. टीका करणाऱ्यांना सीज नको होती एवढंच नव्हे, त्यांना होमिओपॅथीच नको होती, हे त्यांनी लपवलेलं नव्हतं. मग त्यांच्या प्रत्येक तक्रारीकडे ऑफिसने शत्रूचा बाण म्हणून पाहिलं तर आश्चर्य नाही. आश्चर्य नाही, पण धोका तिथेच आहे. पाठवणाऱ्याचा हेतू कळला की मजकूर वाचायची गरज उरत नाही, असं टेबलाला वाटू लागतं. मुलाला जुलाब लागले असतील तर तक्रार कुणी पाठवली याने त्या जुलाबांत काही फरक पडत नाही.

दोन टेबलं परवडत नसतील तरी एक वाट मोकळी ठेवता येते, आणि तिला फार पैसे लागत नाहीत. पदाधिकारी किंवा कर्मचाऱ्याबद्दलची तक्रार ऑफिसने उघडायचीच नाही. ती व्यवसायाबाहेरच्या, आधीच ठरवून ठेवलेल्या माणसाकडे जायची, एखाद्या निवृत्त न्यायाधीशाकडे किंवा दुसऱ्या व्यवसायाच्या रजिस्ट्रारकडे, आणि त्याचा निर्णय कार्यकारिणीला बदलता यायचा नाही. नेमणुकीआधी उमेदवाराने जाहीरपणे काय लिहिलंय ते पाहणं, हे तर कुठल्याही शाळेत शिक्षक घेताना करतात तेवढंच. ज्याच्या ताब्यात मुलांच्या सुरक्षिततेची फाइल द्यायची, त्याला मुलाखतीत एक सरळ प्रश्न विचारता आला असता: लस न देण्याचा सल्ला देणारा सभासद तुमच्यासमोर आला तर तुम्ही काय कराल?

आपल्याकडच्या संघटनांनी हे परक्या देशाचं म्हणून सोडून देऊ नये. कायद्याची परिषद आहे म्हणून संघटनेचं ऑफिस सुटत नाही. सभासदाबद्दलचं पहिलं पत्र पुष्कळदा परिषदेऐवजी ओळखीच्या संघटनेकडे येतं, आणि ‘आपसात मिटवू’ हे वाक्य तिथेच बोललं जातं.

त्यानंतर

सोसायटीपुढे दोन वाटा होत्या. त्रुटी दूर करून स्थगिती उठवण्यासाठी झगडायचं, नाहीतर बाहेर पडायचं. तिने दुसरी धरली. त्याच सुमारास अथॉरिटीने आपली मानकंही बदलली. रजिस्टरला मान्यता देणं लोकांच्या हिताचं आहे का, फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत का, ही कसोटी तिने सर्वांत वर आणली. ऑफिस कितीही सुधारलं असतं तरी ही कसोटी होमिओपॅथीला जड गेली असती, हे सोसायटीत कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मानणं कठीण आहे.

टीकाकारांच्या गोटात हा विजय म्हणून साजरा झाला. तो किती मोठा मानायचा, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून आहे. होमिओपॅथीला सरकारी चिन्ह नको एवढंच हवं असेल, तर पूर्ण विजय. पण मुलाच्या दृष्टीने पाहिलं तर हिशोब वेगळा लागतो. मान्यता असताना सोसायटीच्या डोक्यावर एक बाहेरची संस्था होती, जी अटी घालू शकत होती, कागद मागू शकत होती, मध्येच फेरतपासणी करू शकत होती. मान्यता गेल्यावर चिन्ह गेलं आणि ती नजरही गेली. होमिओपॅथ आपापल्या खोलीत पेशंट बघत राहिले, कारण त्यांना थांबवणारा कायदा आधीही नव्हता आणि नंतरही आला नाही. जाहिरात चुकीची असेल तर जाहिरातींची अथॉरिटी आहे, मुलाला इजा झाली तर स्थानिक प्रशासन आणि पोलीस आहेत. यांच्यामध्ये जी जागा उरते, जिथे इजा अजून झालेली नसते पण काहीतरी बिनसतंय असं एखाद्या आईला वाटत असतं, तिथलं पत्र पूर्वीप्रमाणेच सोसायटीच्या ऑफिसात येतं. फरक इतकाच की त्या टेबलाने दिलेलं उत्तर पटलं नाही, तर ते घेऊन जायला आता वर कुणी नाही.